फटकून पडलेला आकडा: सरासरी, मध्यक आणि चतुर्थकांच्या मदतीने आउटलायर कसा शोधायचा

आकड्यांची कुठलीही वही उघडा, एखाद-दुसरा आकडा बाकीच्यांपासून फटकून पडलेला दिसतोच. संख्याशास्त्रात त्याला आउटलायर म्हणतात. असा आकडा दिसला की काहीजण तो लगेच खोडून टाकतात, तर काहीजण त्याच्याकडे न बघताच सरासरी काढून मोकळे होतात. पहिल्या घाईत खरी माहिती हातची जाते आणि दुसऱ्या घाईत चुकीचा आकडा अहवालात पक्का होऊन बसतो. म्हणून आधीच सांगतो: पुढे दिलेली एकही पद्धत ‘हा आकडा चूक आहे’ असा निकाल देत नाही. कुठल्या नोंदीची विचारपूस करायची, एवढंच ती दाखवते. आणि ते दाखवण्याचं काम सरासरीपेक्षा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) आणि चतुर्थक (क्रमाने लावलेल्या आकड्यांचे चार सारखे भाग पाडणारे आकडे) जास्त भरवशाने करतात.

उदाहरण काजूचं घेऊ. मार्च ते मे या हंगामात गोव्यातल्या सत्तरी, डिचोली, पेडणे, सांगे भागातले बागायतदार काजूच्या बिया पोत्यांत भरून खरेदी केंद्रावर आणतात. काट्यावर वजन होतं, पावती फाडली जाते आणि आकडा वहीत चढतो. संध्याकाळी कुणीतरी ती वही संगणकात भरतं. समजा, एका दिवसाच्या पंधरा नोंदी अशा आहेत. आकडे किलोत आहेत आणि सरावासाठी मी रचलेले आहेत:

३१, २४, ५२, १८, ३६५, ३५, २८, ४४, १२, ३३, ११८, २१, ४१, २६, ३८

कागद-पेन्सिल घेऊन सोबत गणित करत वाचलंत तर जास्त उपयोग होईल. एक्सेल, गूगल शीट्स किंवा लिबर ऑफिस यांपैकी काहीही चालेल.

पायरी १: सूत्राआधी वही नीट बघा

मूळ फाईलची एक प्रत काढून ती बाजूला ठेवा आणि तिला पुन्हा हात लावू नका. सगळं काम दुसऱ्या प्रतीवर करायचं.

मग एक ओळ म्हणजे काय हे ठरवा. एक पावती, एक बागायतदार की एक पोतं? एकाच माणसाने सकाळ-संध्याकाळ दोनदा माल आणला असेल आणि कुणी त्याची बेरीज करून एकच ओळ लिहिली असेल, तर ती ओळ बाकीच्यांशी तुलना करण्याजोगी राहत नाही. एककाचंही तसंच. बाकी सगळं किलोत आणि एखादी नोंद क्विंटलमध्ये असेल तर जो फरक दिसेल तो एककाचा, मालाचा नव्हे.

आता एक तपासणी, जी बहुतेक लोक गाळतात. एखाद्या चौकटीत आकड्यापुढे ‘किलो’ असं टाइप केलेलं असेल तर संगणक तिला मजकूर समजतो आणि सरासरी काढताना गुपचूप वगळतो. तक्रार काही करत नाही. त्यामुळे ‘काउंट’ आणि ‘काउंटए’ ही दोन्ही सूत्रं त्या रकान्यावर चालवा. पहिलं फक्त आकडे मोजतं, दुसरं भरलेल्या सगळ्या चौकटी मोजतं. दोन्हींची उत्तरं जुळली नाहीत तर कुठेतरी मजकूर लपलेला आहे. तसंच ० आणि ९९९ शोधा. माहिती नसली की काहीजण शून्य लिहितात, काहीजण ९९९. ती वजनं नव्हेतच, तिथली चौकट रिकामी करा.

हे झालं की आकडे चढत्या क्रमाने लावा:

१२, १८, २१, २४, २६, २८, ३१, ३३, ३५, ३८, ४१, ४४, ५२, ११८, ३६५

पंधराच नोंदी असल्या की शेवटचे दोन आकडे डोळ्यांनाच खुपतात. पण हंगामाच्या दीड-दोन हजार नोंदी समोर असतील तेव्हा डोळा पुरत नाही, तिथे पुढच्या पायऱ्या लागतात.

पायरी २: सरासरी आणि मध्यक शेजारी-शेजारी मांडा

बेरीज ८८६, नोंदी १५, म्हणजे सरासरी सुमारे ५९.१ किलो. मध्यक म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, इथे आठवा: ३३ किलो.

या दोघांत एवढं अंतर का? पंधरापैकी तेरा जणांचा माल ‘सरासरी’पेक्षा कमी भरतो आहे. वरच्या एक-दोन नोंदींनी सरासरीला ओढून नेलं आहे, मध्यक मात्र जागचा हललेला नाही. ३६५ च्या जागी ३,६५० लिहिलं तरी मध्यक ३३ च राहील आणि सरासरी जाईल २७८ वर.

दोन्हींतलं अंतर मोठं असलं म्हणजे आउटलायर आहेच असं मात्र नाही. जमिनीची मालकी, उत्पन्न, पाऊस यांचे आकडे मुळातच एका बाजूला लांबलेले असतात. पण अंतर दिसलं की पुढे जाऊन बघायचं, एवढा संकेत पुरेसा आहे.

पायरी ३: झेड स्कोअर काढा, पण त्यावर विसंबू नका

शाळा-कॉलेजात शिकवलेली पद्धत बहुतेकांना आठवते. आकड्यातून सरासरी वजा करायची, उत्तराला प्रमाण विचलनाने (आकडे सरासरीभोवती साधारण किती पसरलेत याचं माप) भागायचं आणि ते ३ च्या पुढे किंवा उणे ३ च्या खाली गेलं तर आकडा संशयित धरायचा. आपल्या नोंदींचं प्रमाण विचलन सुमारे ८८.२ येतं (एक्सेलमध्ये ‘एसटीडेव्ह डॉट एस’).

३६५ चा झेड स्कोअर: ३०५.९ भागिले ८८.२, म्हणजे ३.४७. सापडला.
११८ चा झेड स्कोअर: ५८.९ भागिले ८८.२, म्हणजे ०.६७. सापडला नाही.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. मध्यकाच्या साडेतीनपट असलेला ११८ हा आकडा या पद्धतीला अगदी सर्वसाधारण वाटतो. कारण ३६५ ने सरासरी वर नेली आणि प्रमाण विचलनही फुगवलं. ज्या मोजपट्टीने आउटलायर मोजायचा, ती पट्टी आउटलायरनेच ताणून ठेवली. मोठ्या आउटलायरच्या आड छोटा लपतो याला इंग्रजीत मास्किंग म्हणतात.

दुसरी अडचण नोंदी थोड्या असल्या की येते. प्रमाण विचलन काढताना एकूण नोंदींतून एक वजा करून भागत असू, तर कुठल्याही आकड्याचा झेड स्कोअर एका मर्यादेपलीकडे जाऊच शकत नाही. नोंदींच्या संख्येतून एक वजा करा आणि त्याला त्या संख्येच्या वर्गमुळाने भागा, ही ती मर्यादा. दहा नोंदींसाठी ती येते २.८५. म्हणजे दहा नोंदींत तुम्ही एक लाख किलो लिहिलंत तरी ‘३ च्या पुढे’ हा नियम गप्पच बसणार. गावच्या सोसायटीच्या, बचत गटाच्या, शाळेच्या एका वर्गाच्या कितीतरी याद्या याच आकाराच्या असतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

झेड स्कोअर टाकाऊ नाही. नोंदी शेकड्यांनी असतील आणि त्यांचा आलेख दोन्ही बाजूंना सारखा, घंटेच्या आकाराचा असेल तिथे तो चांगला चालतो. काट्यावर एकच प्रमाणित वजन पुनःपुन्हा ठेवून घेतलेली मापं, हे त्याचं योग्य ठिकाण. बागायतीच्या मालाला तो आकार क्वचितच असतो.

पायरी ४: चतुर्थकांचं कुंपण घाला

एकच पद्धत शिकायला वेळ असेल तर ही शिका. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्यूकी यांनी १९७७ साली आपल्या पुस्तकातून ती रूढ केली. बॉक्स प्लॉट नावाचा आलेख काढतात तोही याच गणितावर.

मध्यकाने नोंदींचे दोन भाग पडले. खालचे सात आकडे १२ ते ३१. त्यांचा मधला, म्हणजे चौथा, २४. हा पहिला चतुर्थक. वरचे सात ३५ ते ३६५. त्यांचा मधला ४४. हा तिसरा चतुर्थक. दोन्हींतलं अंतर २० किलो. याला आंतरचतुर्थक विस्तार म्हणतात, म्हणजे मधला निम्मा माल एवढ्या पट्ट्यात बसतो.

या विस्ताराची दीडपट ३०. वरचं कुंपण ४४ अधिक ३०, म्हणजे ७४. खालचं २४ उणे ३०, म्हणजे उणे ६.

७४ च्या पलीकडे ११८ आणि ३६५ दोन्ही आले. कुणी कुणाच्या आड लपलं नाही, कारण चतुर्थकांना टोकाच्या आकड्यांशी घेणंदेणं नसतं. दीडपटीऐवजी तिप्पट घेतली तर कुंपण १०४ वर जातं. त्याच्याही बाहेर पडणाऱ्यांची चौकशी आधी करायची. इथे दोघेही त्याच्या बाहेरच आहेत.

एक सूचना. हाताने काढलेला चतुर्थक आणि संगणकाने दिलेला चतुर्थक नेहमी जुळत नाहीत, कारण ते काढण्याच्या रीती एकाहून जास्त आहेत. एक्सेलच्या ‘क्वार्टाइल डॉट ईएक्ससी’ने इथे २४ आणि ४४ च येतात. ‘क्वार्टाइल डॉट आयएनसी’ने २५ आणि ४२.५ येतात, आणि वरचं कुंपण ६८.७५ होतं. दोन्हींत पकडले जातात तेच दोन आकडे. दोघांपैकी कुठलंही वापरा, पण एका कामात शेवटपर्यंत एकच वापरा आणि अहवालात तसं लिहा. एखादा आकडा एका रीतीने आत आणि दुसरीने बाहेर पडत असेल, तर तो कुंपणावरचा आहे असंच समजा.

आणि हेही लक्षात असू द्या की घंटेच्या आकाराच्या अगदी निर्दोष माहितीतही सुमारे ०.७ टक्के आकडे या कुंपणाबाहेर जातात. हजार नोंदींत सहा-सात बाहेर दिसले तर घाबरायचं कारण नाही. पन्नास दिसले तर मात्र एकतर माहिती एका बाजूला लांबलेली आहे, नाहीतर दोन वेगळे गट एकत्र झाले आहेत.

पायरी ५: मॅडने खात्री करा

मॅड म्हणजे मध्यकापासूनच्या अंतरांचा मध्यक. प्रत्येक आकड्याचं ३३ पासूनचं अंतर काढा, अधिक-उणे चिन्ह सोडून द्या:

२१, १५, १२, ९, ७, ५, २, ०, २, ५, ८, ११, १९, ८५, ३३२

ही अंतरं क्रमाने लावली की आठवं येतं ९. हा मॅड. त्याला १.४८२६ ने गुणायचं, म्हणजे घंटेच्या आकाराच्या माहितीत तो प्रमाण विचलनाच्या तोडीचा होतो. इथे येतं १३.३. आता ११८ साठी ८५ भागिले १३.३, म्हणजे साधारण ६.४. ३६५ साठी जवळजवळ २५. सर्वात कमी माल आणणाऱ्या १२ किलोवाल्यासाठी फक्त १.६. या मापात ३.५ च्या पुढे गेलं की संशयित धरण्याचा प्रघात आहे.

झेड स्कोअरने ०.६७ म्हणून सोडून दिलेला ११८ इथे ६.४ वर उभा आहे. तेच आकडे, तीच वही, फक्त पट्टी बदलली.

मॅडची एक मर्यादा आहे. निम्म्याहून जास्त आकडे एकसारखेच असतील तर मॅड शून्य येतो आणि शून्याने भागता येत नाही. गोव्यातल्या वर्षभराच्या रोजच्या पावसात नेमकं हेच होतं, कारण वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस कोरडे असतात.

पायरी ६: खालची बाजूही तपासा, त्यासाठी लॉग

वरच्या गणितात खालचं कुंपण उणे ६ आलं होतं. वजन उणे असतं का? म्हणजे त्या बाजूला कुंपण असून नसल्यासारखंच. समजा, २४ ऐवजी कुणी २.४ लिहिलं. पहिला चतुर्थक २१ होईल, खालचं कुंपण उणे १३.५ वर जाईल आणि २.४ बिनदिक्कत आत राहील. दशांश चिन्ह जसं गळतं तसंच चुकून जास्तीचं लिहिलंही जातं. पण गळलेलं सापडतं आणि जास्तीचं सापडत नाही, कारण मोठा आकडा डोळ्यात भरतो.

उपाय सोपा आहे. शेजारच्या रकान्यात प्रत्येक वजनाचा लॉग, म्हणजे तो आकडा १० चा कितवा घात आहे ते, घ्या (‘लॉग१०’ हे सूत्र) आणि चतुर्थकांचं कुंपण त्या रकान्यावर घाला. १० चा तेवढा घात काढून उत्तर पुन्हा किलोत आणलं की वर सांगितलेल्या २.४ च्या वहीत खालचं कुंपण सुमारे ६.९ किलोवर येतं आणि २.४ लगेच बाहेर पडतो. आपल्या मूळ पंधरा नोंदींवर हेच केलं तर कुंपणं सुमारे ९.७ आणि १०९ किलोवर येतात. ३६५ फार लांब राहतो, ११८ जेमतेम बाहेर पडतो.

वजन, रक्कम, क्षेत्रफळ अशा शून्याखाली न जाणाऱ्या आणि वर लांबत जाणाऱ्या आकड्यांसाठी मी लॉगचं कुंपण नेहमीच्या कुंपणाइतकंच महत्त्वाचं मानतो. शून्याचा लॉग निघत नाही, म्हणून शून्यं आधी वेगळी काढावी लागतात.

पायरी ७: गट पाडा, जोडीने बघा

एखादा आकडा वेगळा आहे की नाही, हे त्याला कुणासोबत ठेवलंय यावर ठरतं. पावसाचं घ्या. हवामान खात्याच्या वर्गवारीत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार आणि ११५.६ पासून अतिमुसळधार पाऊस धरतात. जुलैत गोव्यात ७० मिलिमीटरचा दिवस कुणी लक्षातही ठेवत नाही. जानेवारीत ४० पडला तर काजूचा मोहोर गळेल या चिंतेने सगळ्या सत्तरीत तोच विषय होईल. वर्षभराचे दिवस एकाच रकान्यात टाकून कुंपण घातलंत तर पावसाळ्यातले कितीतरी साधे दिवस बाहेर पडतील आणि जानेवारीतला खरा वेगळा दिवस त्या गर्दीत हरवेल. म्हणून आधी महिन्यानुसार गट पाडा, मग प्रत्येक गटाचं वेगळं कुंपण. किनाऱ्यावरची पणजी आणि घाटाच्या पायथ्याची वाळपई यांचा पाऊसही एकत्र करू नये, घाटालगत तो जास्तच पडतो.

काही चुका तर एका रकान्यात दिसतच नाहीत. ३१ किलोच्या जागी १३ लिहिलं गेलं, तर १३ हे वजन अगदी साधं आहे, कुठलंच कुंपण ते पकडणार नाही. पण पावतीवर रक्कमही असते. सरावापुरता किलोला १५० रुपये दर धरा. ३१ किलोचे ४,६५० रुपये दिलेले आहेत आणि वजनात १३ आहे. रकमेला वजनाने भागून तिसरा रकाना करा: बाकी सगळीकडे १५० आणि या एका ओळीत सुमारे ३५८. व्यवहाराच्या वह्यांत अशा भागाकाराच्या रकान्याने एरवी न दिसणाऱ्या चुका मिळतात, त्यामुळे हा रकाना करायला विसरू नका.

पायरी ८: सापडल्यावर काय करायचं

आता मूळ पावती काढायची, काट्यावरच्या माणसाला विचारायचं, बागायतदाराला फोन करायचा. आपल्या उदाहरणात समजा असं निघालं: ३६५ च्या पावतीवर ३६.५ आहे, वहीत उतरवताना दशांश गळला. ११८ मात्र खरा आहे. मोठी बागायत असलेल्याने दोन दिवसांचा माल एकदम आणला.

३६५ दुरुस्त करायचा, कारण हातात पुरावा आहे. दुरुस्तीनंतर सरासरी ५९.१ वरून ३७.२ वर येते आणि प्रमाण विचलन ८८.२ वरून २४.७ वर. मध्यक ३३ होता, तो ३३ च राहतो. आणि आता ११८ चा झेड स्कोअर काढला तर तो ३.२८ येतो. मोठा आड आलेला दूर झाल्यावर झेड स्कोअरलाही तो दिसला.

११८ ठेवायचा. ती खरी नोंद आहे, एका शेतकऱ्याची मेहनत आहे, आणि केंद्रावर किती पोती लागतील, टेंपो केवढा बोलवायचा याचा हिशेब तिच्याशिवाय चुकेल. ‘सर्वसाधारण बागायतदार किती माल आणतो’ हा प्रश्न असेल तर मध्यक सांगा. ‘एकूण माल किती’ हा प्रश्न असेल तर सगळ्यांची बेरीज सांगा. प्रश्न कुठला ते आधी ठरलं की आउटलायर ठेवायचा की नाही यावरचे अर्धे वाद उरत नाहीत.

पुरावाच मिळाला नाही तर? पावती हरवली, कुणाला आठवत नाही. अशा वेळी अंदाजाने आकडा बदलू नका. त्या नोंदीसह एकदा आणि तिच्याशिवाय एकदा गणित करा आणि दोन्ही उत्तरं द्या. निष्कर्ष दोन्हीकडे सारखाच येत असेल तर प्रश्न मिटला. बदलत असेल तर वाचणाऱ्याला ते कळलंच पाहिजे.

अंटार्क्टिकावरच्या ओझोनची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी १९८५ मध्ये जमिनीवरच्या मापांवरून तिथला ओझोन वसंत ऋतूत झपाट्याने घटत असल्याचं प्रसिद्ध केलं. नासाच्या उपग्रहालाही तसेच कमी आकडे दिसत होते, पण ठरलेल्या मर्यादेखालचे म्हणून त्यांच्यावर ‘संशयित’ अशी खूण पडलेली होती. ती मापं खरी होती.

एक इशारा राहिला. बाहेरचे आकडे काढून टाकायचे, उरलेल्यांवर पुन्हा कुंपण घालायचं, पुन्हा बाहेर पडलेले काढायचे, असं करत बसू नका. दर फेरीला कुंपण आवळत जातं आणि चांगले आकडेही बळी पडतात. चूक सिद्ध झालेली दुरुस्ती केल्यावर एकदा नव्याने गणित करणं ठीक आहे, त्यापुढे नाही.

शेवटी फाईलमध्ये तीन रकाने वाढवा: मूळ आकडा, वापरलेला आकडा आणि कारण. आपल्या वहीत त्या दोन ओळी अशा दिसतील. ‘मूळ ३६५, वापरला ३६.५, पावतीशी ताडून दशांश दुरुस्त.’ ‘मूळ ११८, वापरला ११८, बागायतदाराला विचारून खात्री केली, दोन दिवसांचा माल.’ कारणाच्या रकान्यात तारीख आणि तपासणाऱ्याची सहीची अक्षरं घाला, म्हणजे पुढच्या हंगामात वही दुसऱ्याच्या हाती गेली तरी त्याला पावत्यांचा गठ्ठा नव्याने उपसावा लागणार नाही.